उणे चाळीसची रेघ

करमाळा तालुक्यातल्या माणसाला ‘उणे’ हा शब्द नवा नाही. उन्हाळा चढत गेला की टपरीवर चहाचा कप हातात यायच्या आधी प्रश्न येतो, उजनी किती? आणि उत्तर मिळतं, उणे वीस, उणे तीस. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या घरात गेली होती. धरण शून्याच्या खाली गेलं तरी त्यात पाणी असतं, ते दिसतं, पण हिशेबात धरायचं नसतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. मला ज्या उणे चाळीसबद्दल लिहायचं आहे तो धरणातला नाही. तो आपल्या डोक्यावर असतो, सुमारे अकरा किलोमीटर उंचीवर. म्हणजे करमाळ्याहून जेऊर स्टेशनला जाताना जेवढी वाट तुडवावी लागते, त्याहूनही कमी अंतरावर. मे महिन्यात खाली बेचाळीस अंशांत डांबर वितळत असतं, तेव्हाही तिथे वर पारा उणे चाळीसच्या आसपास असतो. आणि तिथून जाणारं विमान कधीकधी मागे एक पांढरी रेघ सोडून जातं.

विमानं रोज जातात. मुंबई आणि हैदराबाद ही दोन शहरं नकाशावर पट्टीने जोडून पाहा, ती रेषा करमाळ्याच्या अगदी जवळून जाते. शिवाय आखातातून निघून आग्नेय आशियाकडे द्वीपकल्प ओलांडून जाणारी लांब पल्ल्याची विमानं वेगळीच. विमानांचं वेळापत्रक ठरलेलं आहे, रेघेचं मात्र नाही. कधी आठवडाभर एकही दिसत नाही. चकाकणारा ठिपका येतो आणि मुकाट्याने जातो. कधी ठिपक्यामागे बोटभर शेपूट असतं, ते त्याच्याबरोबरच पुसत जातं. आणि एखाद्या दिवशी, बहुतेक थंडीत, देवीच्या माळावरच्या दीपमाळांच्या मागे पाहावं तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत रेघ ओढलेली असते. अर्ध्या तासात ती पिंजलेल्या कापसासारखी पसरते. पोरं अजूनही ‘रॉकेट गेलं’ म्हणून ओरडतात. मोठी माणसं ओरडत नाहीत, पण त्यांच्या मनात काहीतरी साचत राहतं.

आमच्या शेजारचे तात्या ते बोलून दाखवतात. “परवा आभाळ भरून आल्तं. ही तीन गेली, कायतरी पांढरं सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळं साफ. आता ह्याला काय म्हणायचं?”

शहरातला शिकलेला माणूस हे ऐकून हसतो. मला हसू येत नाही, आणि त्याला कारण आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, आपल्याकडे तो पाच-सहाशेच्या आसपास येऊन थांबतो. तेच ढग, तोच वारा. पाणी सगळं घाटावर उतरवून ते आपल्या डोक्यावरून रिकामे जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत करमाळा होता. ज्याच्या दारावरून पाऊस वर्षानुवर्षं न थांबता पुढे जातो, त्याला कुणीतरी तो पळवत असल्याचा संशय येणं हे मला अडाणीपणाचं लक्षण वाटत नाही. साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि नेमके त्याच सुमारास दुष्काळ पडले, तेव्हा ही पाती ढग हाकलतात असं तिथल्या गावांनीही म्हटलंच होतं. पवनचक्कीचं पातं आणि पावसाचा ढग यांच्यात उंचीचं केवढं अंतर असतं ते कुणी समजावून सांगितलं नाही. सांगितलं असेल तर चावडीवर येऊन सांगितलं नाही.

आणि तात्यांच्या संशयाला निव्वळ कल्पनाही म्हणता येणार नाही. विमानातून ढगांत काहीतरी सोडलं जातं, हे महाराष्ट्रात घडलेलं आहे, सरकारी खर्चाने घडलेलं आहे. २००३ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, २०१५ मध्ये केला, २०१९ मध्ये औरंगाबादहून पुन्हा केला. त्याहून जवळची गोष्ट सोलापूरची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापूर केंद्र धरून ढगांत बीजारोपण करण्याचा मोठा प्रयोग केला. सोलापूर मुद्दाम निवडलं होतं, कारण ते पर्जन्यछायेत येतं. विमानांनी ढगांच्या पायथ्याशी जाऊन पंखांखाली बसवलेली क्षारांची नळकांडी पेटवली, काही ढग मुद्दाम तसेच सोडून दिले, आणि दोन्हींत काय फरक पडला ते रडारवर मोजलं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: योग्य ढग निवडला तर वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी वाढला. अठरा टक्के ही चांगली वाढ आहे. पण बीज पेरायला आधी ढग लागतो, तोही भरलेला, हे त्यातच आलं. ढगच नसेल तर अठरा टक्के कशाचे?

म्हणजे विमान ढगाशी काहीतरी करतं, ही आठवण जिल्ह्यात ताजी आहे. तात्यांची चूक झाली ती फक्त विमान ओळखण्यात. पाऊस पाडू पाहणारं विमान पावसाळ्यात, ढगांच्या गर्दीत, किलोमीटर-दीड किलोमीटरवरच्या पायथ्याशी घिरट्या घालतं. खालून त्याची रेघबिघ काही दिसत नाही. जी दिसते ती हिवाळ्यातली, मोकळ्या आभाळातली, अकरा-बारा किलोमीटरवरची. ती पाण्याच्या वाफेची आहे, आणि ती उमटायची की नाही हे विमान ठरवत नाही.

मग कोण ठरवतं, त्याचं उत्तर आपल्याच शिवारात आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची लाईट असते तेव्हा पहाटे तीन-चारला दारं धरायला गेलेला माणूस डोक्याला मफलर गुंडाळून पाटाच्या कडेला उभा असतो. तो हुश्श करतो तेव्हा तोंडातून वाफ निघते. दुपारी त्याच जागी, त्याच तोंडातून, तेवढीच ओल बाहेर पडते, पण दिसत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतून उठणारा पांढरा लोट सकाळी छपराच्या वर दहा हात जातो, दुपारी छपरातच विरतो. साखर कारखान्याची चिमणी पाहा: पहाटे तिची शेपटी मैलभर लोळते, बारा वाजता आखडते. रस तोच, जाळ तोच. बदलली ती बाहेरची हवा.

यामागचं गणित थोडं वाकडं आहे, आणि सगळी गंमत त्या वाकडेपणात आहे. हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही वाढ सरळ रेषेत होत नाही, चढत्या भाजणीने होते. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते. उणे चाळीसच्या हवेत एक ग्रॅमचा पाचवा हिस्साही मावत नाही. आता गरम, ओलसर श्वास थंड हवेत मिसळला की मिश्रणाची ओल सरासरीने ठरते, पण ती धरून ठेवायची ताकद सरासरीहून खाली घसरलेली असते. दोन्हींपैकी एकही हवा काठोकाठ भरलेली नसते, तरी मिश्रण मात्र उतू जातं. जे उतू जातं ती डोळ्यांना दिसणारी वाफ.

विमानाचं इंजिन याच अर्थाने श्वास टाकतं. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाणी तयार होतं, कारण इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो. हे पाणी वाफेच्या रूपाने, शेकडो अंश तापलेल्या झोतात बाहेर पडतं आणि क्षणभरात उणे चाळीसच्या हवेत मिसळतं. बरोबर काजळीचे अतिसूक्ष्म कण असतातच; त्यांच्यावर पाणी धरतं आणि लगेच गोठतं. म्हणून आपल्याला दिसतो तो धूर नसून बर्फाचा चुरा असतो. नीट पाहिलं तर विमान आणि रेघ यांच्यात थोडी फट दिसते. तेवढ्या अंतरात झोत निवतो. फवारणीच्या पंपासारखं काही सोडलं असतं तर ते नळीच्या तोंडापासून दिसलं असतं. किती थंडी आणि किती ओल असली तर रेघ उमटेल याचं सूत्र जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट अ‍ॅपलमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. सालं पाहिली की कळतं हा अभ्यास कशासाठी झाला. बॉम्ब टाकायला निघालेल्या विमानांची रेघ शत्रूला मैलोन्‌मैल आधी दिसत होती.

इथवरचं शास्त्र कुठल्याही देशातल्या पुस्तकात सापडेल. पुढची गोष्ट आपली आहे. युरोपात विमान नऊ-दहा किलोमीटरवर पोचलं की रेघ उमटायला लागते. आपण उष्ण कटिबंधात आहोत. आपल्या डोक्यावर नऊ-साडेनऊ किलोमीटरला अजून उणे तीसच्या आसपास असतं, आणि तेवढी थंडी पुरत नाही. साधारण पस्तीस-छत्तीस हजार फुटांच्या वर गेलं तरच उणे चाळीसची वेस ओलांडली जाते. त्यामुळे त्याच वाटेने, त्याच दिवशी, तेहतीस हजार फुटांवरून गेलेलं विमान कोरं जातं आणि एकोणचाळीस हजारांवरून गेलेलं रेघ मारून जातं. ‘ह्यानं सोडलं, त्यानं नाही’ असं जे खालून वाटतं त्याचं कारण एवढंच, की एक विमान वेशीच्या आत होतं, दुसरं बाहेर.

याचा एक मजेदार पुरावा कुणालाही घरबसल्या तपासता येतो. आकाशात पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांच्या उंचीवर उडतात, पस्तीस, सदतीस, एकोणचाळीस. पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, चौतीस, छत्तीस, अडतीस. समोरासमोर धडक होऊ नये म्हणून हा जवळपास जगभरचा नियम आहे. तेव्हा एखाद्या संध्याकाळी हैदराबादकडे जाणाऱ्यांच्या मागे रेघ असेल आणि मुंबईकडे परतणारी कोरी जात असतील, तर समजावं की थंडीची किंवा ओलीची वेस नेमकी त्या दोन पातळ्यांच्या मधे आली आहे. मी हे दोनदा पाहिलं. दोनदा म्हणजे काही शास्त्र झालं नाही, पण खाटेवर पडल्यापडल्या अकरा किलोमीटरवरची हवा चाचपता येते याचा आनंद काही वेगळाच असतो.

थंडीने रेघ उमटते. टिकते ती ओलीने. वरची हवा कोरडी असेल तर बर्फाचा चुरा मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो, ते बोटभर शेपूट. पण त्या उंचीवर कधीकधी अशी हवा असते की तिच्यात बर्फाच्या मानाने मावते त्याहून जास्त वाफ असते, आणि तरी ढग झालेला नसतो. धरायला कणच नसतो. विमान तिथे कण नेऊन टाकतं. मग ती हवा आपली जास्तीची ओल त्या कणांवर उतरवत जाते, रेघ फुगते, वाऱ्याने पसरते, आणि दोन तासांनी पाहणाऱ्याला ती रेघ होती हे सांगूनही पटत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकत असतात, त्यांच्या पुढे वरच्या थरांत अशी ओल महाराष्ट्रापर्यंत उतरते. त्याच दिवसांत चंद्राला खळं पडतं. म्हाताऱ्या माणसांना खळं माहीत आहे, रेघ माहीत नाही, एवढाच पिढीचा फरक. दोन्ही एकाच ओलीच्या खुणा.

आता तात्यांचा प्रश्न पुन्हा घ्यावा. आभाळ भरून आलं, विमानं गेली, आभाळ साफ झालं. क्रम त्यांनी अचूक पाहिला होता. वरच्या थरात ओल आली म्हणून पातळ ढग आले. ओल होती म्हणूनच त्या दिवशीच्या रेघा टिकल्या आणि नजरेत भरल्या. तो ओलीचा पट्टा पूर्वेकडे सरकला आणि आभाळ मोकळं झालं. विमानं आदल्या दिवशीही गेली होती, नंतरही गेली, पण कोरडी गेली म्हणून कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. रेघ पुसली असती तरी ते आभाळ साफच झालं असतं.

उरला प्रश्न पाणी पळवण्याचा. त्यालाही हिशेबानेच उत्तर द्यावं. मुंबई-हैदराबाद मार्गावरचं मध्यम आकाराचं विमान एका किलोमीटरला तीन किलोच्या आसपास इंधन जाळतं. म्हणजे किलोमीटरला चार लिटरही पाणी नाही, अर्धी कळशीसुद्धा भरत नाही. उलट एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी दहा लाख लिटर होतं. रुंद पसरलेल्या रेघेत जे जास्तीचं पाणी असतं ते त्या हवेतलंच असतं, आणि तेही इतकं विरळ की खाली येता येता कोरड्या थरांत वाटेतच आटतं. आपला जून-सप्टेंबरचा पाऊस देणारा ढग किलोमीटर-दीड किलोमीटरवर बूड टेकवून असतो. अकरा किलोमीटरवरची ही काटकसर त्याला ना देते, ना त्याचं घेते.

काही जण तात्यांच्याही पुढे जातात. मोबाइलवर येणारे व्हिडिओ सांगतात की या रेघांतून लोकांवर रसायनं फवारली जातात. अमेरिकेत २०१६ मध्ये वातावरणशास्त्राच्या आणि भूरसायनाच्या ७७ तज्ज्ञांना याबद्दल विचारलं. ७६ जणांनी गुप्त फवारणीचा कसलाही पुरावा दिसला नसल्याचं सांगितलं. व्हिडिओवाल्यांनी तो उरलेला एक धरला. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. तात्यांचा संशय दुष्काळातून आला आहे, त्याला मान द्यावा लागतो. हा दुसरा माल बाहेरून तयार आलेला आहे.

मधल्या काळात जिल्ह्यात विमानतळही चालू झालं. होटगी रोडवरचं सोलापूरचं ते विमानतळ वर्षानुवर्षं अडून राहिलं होतं, एका साखर कारखान्याची चिमणी आड येत होती. जून २०२३ मध्ये ती पाडली आणि ९ जून २०२५ला फ्लाय-९१चं गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हा आमच्याकडे एकाने पैजेवर सांगितलं, आता बघा, रेघाच रेघा. प्रत्यक्षात त्या विमानाची रेघ कुणाला दिसलेली नाही, आणि दिसणारही नाही. ते एटीआर, पंख्याचं विमान. त्याची कमाल मर्यादाच पंचवीस हजार फूट. ते एरवी वीस हजारांच्या आगेमागे उडतं, तिथे सोलापूरवर पारा उणे दहाच्या आसपास. उणे चाळीसची वेस त्याच्या खूप वर राहते. विमानतळावर उभं राहून माणूस वर पाहतो, रेघ दिसते, आणि वाटतं ती इथल्याच विमानाची. ती असते इथे कधी न उतरणाऱ्या विमानाची. उतरणारी आणि उडणारी विमानं विमानतळाजवळ इतकी खाली आणि इतक्या उबदार हवेत असतात की त्यांना रेघ ओढताच येत नाही.

याच जागी माझं तात्यांशी खरं भांडण सुरू होतं. संशय घ्यावा, पण पाऊस पळवल्याचा घेऊ नये. त्या रेघेचा आपल्याशी दुसराच हिशेब आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

ढगाळ हवा आली की थंडी मोडते, हे हरभरा-ज्वारीवाल्याला सांगावं लागत नाही. रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडत असते. वर ढगाची वाकळ आली की ती ऊब अडते. टिकलेली रेघ हीसुद्धा तसलीच पातळ वाकळ. दिवसा ती थोडं ऊन परतवते, म्हणून तोटा अंशतः भरून निघतो. रात्री परतवायला ऊनच नसतं, नुसती ऊब अडते. जगभरच्या अशा रेघांचा आणि त्यांतून पसरलेल्या ढगांचा हिशेब शास्त्रज्ञ डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीत विमानवाहतुकीचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्या वाट्यातला अर्ध्याहून जास्त भाग धुराचा किंवा कार्बनचा नसून या रेघांचा, असं त्यात निघालं. आकड्याची अनिश्चितता मोठी आहे, हे त्यांनीच लिहिलं आहे. तरी बोट कुठे दाखवायचं ते त्यावरून कळतं. आमच्या तालुक्यातल्या बहुतेकांनी विमानात पाय ठेवलेला नाही. त्यांच्यावर अंथरल्या जाणाऱ्या वाकळेचं भाडं मात्र तिकिटात कुठेही धरलेलं नसतं.

आणि चिडण्यासारखी गोष्ट ही, की यावर उपाय अवघड नाही. ती जादा ओलीची हवा उंचीला फार नसते, बऱ्याचदा काहीशे मीटरचाच थर असतो, आडवा मात्र शेकडो किलोमीटर पसरलेला. विमानाने दोन हजार फूट वर किंवा खाली जावं, थर चुकतो, रेघ टिकत नाही. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने सत्तर उड्डाणांवर हे करून पाहिलं: उपग्रहाच्या चित्रांत रेघा चौपन्न टक्क्यांनी कमी झाल्या, त्या उड्डाणांना इंधन दोन टक्के जास्त लागलं. जपानवरच्या आकाशाचा एक अभ्यास म्हणतो की रेघांमुळे होणाऱ्या उष्णतेतला ऐंशी टक्के भाग अवघ्या दोन-अडीच टक्के उड्डाणांकडून येतो. सगळ्या विमानांना हात लावायची गरजच नाही.

यावर विमानवाल्यांचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ते खोटं नाही. जादा इंधन जाळलं तर त्याचा कार्बन शतकानुशतकं हवेत राहतो, हे नक्की. रेघ काही तासांत विरते, आणि तिने नेमकी किती ऊब अडवली हे नक्की नाही. नक्की तोटा पत्करून अंदाजी फायदा का घ्यावा? मला हा युक्तिवाद पटतो, पण फक्त आजच्यापुरता. अंदाज कच्चा राहतो तो त्या उंचीवरची ओल नीट मोजली जात नाही म्हणून. हवामान खातं मुंबई-नागपूरसारख्या ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला फुगे सोडतं. त्यांतली यंत्रं तापमान छान सांगतात, पण उणे चाळीसला ओल मोजायची म्हटलं की त्यांचीही जीभ जड होते. दोन फुग्यांमधे बारा तास आणि शेकडो किलोमीटर. या मधल्या पोकळीत जी एक गोष्ट फुकट, दर अर्ध्या तासाने, उघड्या डोळ्यांना वरची ओल दाखवते ती ही रेघच. टिकली तर ओल आहे, विरली तर नाही, उमटलीच नाही तर थंडी कमी किंवा विमान खाली. शाळेच्या वहीत तारीख, वेळ, दिशा आणि रेघ किती मिनिटं राहिली एवढं लिहिलं तरी तालुक्याकडे दोन वर्षांत अशी नोंद तयार होईल, जी आज कुणाकडेच नाही.

माझी आणखी एक तक्रार आहे, ती आपल्याच लोकांशी. वर बघत राहिल्याने खालचं आभाळ नजरेआड होतं. २१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत उलटली आणि सहा माणसं गेली. ती वादळी वाऱ्याने उलटली. असा वारा उठतो तो डोक्यावरच्या तापलेल्या हवेतून, वळवाच्या ढगातून, पंधरा-वीस मिनिटांत. त्याचा इशारा धक्क्यावर उभ्या माणसापर्यंत पोचतो की नाही, बोटीत जाकिटं आहेत की नाहीत, हे प्रश्न अकरा किलोमीटरवरच्या रेघेहून हजारपट तातडीचे. पण त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर सर्वांत जास्त वेळा आलेला व्हिडिओ रेघांतून विष पडत असल्याचाच होता.

गेल्या जानेवारीत मी तात्यांना सम-विषमची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, “म्हंजे आपल्याला फसवायचं असलं तरी त्यांना आधी हवेला इचारावं लागतंय म्हण की.” मी हो म्हटलं. त्यांच्या घरात चुलीच्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गाय कधी भरली, सोसायटीच्या हप्त्याची तारीख, सगळं त्याच्या चौकटींतच. परवा गेलो तेव्हा दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलीने काही आडव्या रेषा मारलेल्या दिसल्या, काही लांब, काही आखूड, आणि दोन-तीन चौकटींत नुसतं शून्य.

“शून्य म्हणजे?” मी विचारलं.

“गेलं, पण कोरडं गेलं,” तात्या म्हणाले, आणि लाईट आली तशी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघाले.